टेबलाची उजवी बाजू

माणसाची पारख संत्र्यावरून करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते आमचे डॉक्टरसाहेब. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा नागपूरच्या मेडिकल स्कुलातून बाहेर पडून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि जबलपुरातल्या एका मोठ्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, मला नोकरी लागली होती. काम म्हणजे बाळंतपणं, तापाचे काढे आणि रडणाऱ्या बायकांची समजूत. चाकूला हात लावायचा नाही, असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. लिहून द्यावं इतकी ती गोष्ट कुणाला शक्यतेतली वाटतच नव्हती. मला मात्र ऑपरेशनंच करायची होती. का, ते विचारू नका. काही मुलींना सतार शिकायची असते, मला पोट उघडून आत काय बिघडलंय ते बघायचं होतं आणि नीट करून परत शिवायचं होतं.

साहेब त्याच इस्पितळात ऑपरेशनं करत, तेव्हा पन्नाशीचे असतील. मूळचे वऱ्हाडातले, पण अर्धं आयुष्य मध्यप्रांताच्या सरकारी नोकरीत गेलेलं. त्यांच्या टेबलावर संत्र्यांची टोपली होती. मी माझं भाषण पाठ करून गेले होते, त्यातलं दुसरं वाक्य होईपर्यंत त्यांनी एक संत्रं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "सोल."

मी सोललं. त्यांनी एक फोड उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "आता यातली बी काढ. फोड फुटली नाही पाहिजे."

पहिली फोड फुटली. दुसरीही फुटली, रस थेट त्यांच्या फायलीवर गेला. "घाई काहून करून राहिली?" ते म्हणाले. "संत्रं कुठं पळून चाललं का?" पाचव्या फोडीला साल जरासं चिरून बी बोटाच्या टोकाने बाहेर आली आणि फोड शाबूत राहिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून चारही बाजूंनी पाहिली, मग तोंडात टाकली आणि म्हणाले, "सोमवारी सातला ये."

मला वाटलं ते काहीतरी विसरताहेत. मी म्हटलं, "साहेब, मी बाई आहे. सिव्हिल सर्जनसाहेबांची परवानगी..."

"बाई आहे ते दिसून राहिलं मला. त्याचं मी काय करू?" एवढं बोलून त्यांनी फायलीवरचा रस पुसायला घेतला.

साहेबांच्या कोटाच्या खिशात कायम रेशमी धाग्याचं एक रीळ असे. बोलताना, ऐकताना, नुसतं उभं असतानासुद्धा त्यांची बोटं गाठी मारत असायची. खुर्चीचे हात, खाटांचे गज, टांग्याचा दांडा, कशालाही. त्यांच्या घरी जेवायला गेलं की कपाटाच्या कड्यांना, खिडकीच्या गजांना, अगदी देवघरातल्या झांजेलाही रेशमाचे तुकडे लोंबताना दिसत. त्यांची पत्नी मोठी शांत बाई. म्हणायच्या, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली. घरात एकही वस्तू मोकळी उरली नाही."

दुसरं वेड पेशंटांचं. पेशंट आला की आधी दुखतं कुठे हे नाही, तर करतोस काय हे विचारायचं. विडी वळणारी बाई आली की साहेब बाकी सगळं सोडून तिच्याकडून विडीला धागा गुंडाळायची रीत शिकून घेत. ग्वारीघाटचा एक ढीमर, म्हणजे कोळी, गळवं कापून घ्यायला आला होता, त्याला साहेबांनी तीन दिवस जास्त ठेवून घेतलं. कारण त्याच्या जाळ्याची गाठ ओढली की घट्ट होई आणि सैल सोडली तरी सुटत नसे. तो कंटाळून पळाला तेव्हा साहेबांना खरोखर वाईट वाटलं. "अरे, अर्धीच शिकलो होतो ना मी," ते म्हणत राहिले. ती गाठ पुढे त्यांनी ऑपरेशनमध्ये वापरली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांच्याकडे शिकायला येणारेही असेच कुठून कुठून आलेले असत. माझ्या आधी एक मंडल्याकडचा गोंड तरुण होता, त्याचं इंग्रजी अडखळतं म्हणून त्याला सगळीकडे मागे ठेवलं होतं. एक पायाने अधू असलेला गृहस्थ होता, तो उंच स्टुलावर बसून ऑपरेशन करायचा आणि ते स्टूल साहेबांनी स्वतः सुताराकडे उभं राहून करवून घेतलं होतं. दोघांनाही साहेबांनी चिठ्ठी दिली होती. ही चिठ्ठी म्हणजे आमच्याकडची मोठी गोष्ट. गोरे सिव्हिल सर्जन आमच्या साहेबांच्या शब्दाला मान देत. 'या माणसाला स्वतंत्रपणे ऑपरेशन करू द्यायला हरकत नाही,' एवढं साहेबांनी लिहून सही केली की ते परवानगी देत. चिठ्ठीशिवाय तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या बाजूला उभं राहून कापूस पुरवायचा.

बाजूचं सांगायला हवं. आमच्याकडे ऑपरेशन करणारा पेशंटच्या उजव्या बाजूला उभा राही आणि मदतनीस डाव्या. साहेबांची पद्धत अशी, की ऑपरेशन ऐन रंगात आलेलं असताना ते एकदम म्हणत, "चलो, जागा बदला." म्हणजे ते टेबलाला वळसा घालून डावीकडे येणार आणि तुम्ही उजवीकडे जायचं. कधी म्हणतील याचा नेम नसे. त्यामुळे नुसतं बघत उभं राहायची सोय नव्हती. पुढचा टाका माझ्यावर आला तर, या धास्तीने मी प्रत्येक टाका मनात घालत असे. पहिल्यांदा 'जागा बदला' ऐकलं तेव्हा माझे पाय हलेनात. साहेब शांतपणे पलीकडे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वाट पाहून राहिलाय तो पेशंट." पेशंट क्लोरोफॉर्मखाली घोरत होता.

सिव्हिल सर्जनसाहेबांना मी टेबलाजवळ दिसले तेव्हा त्यांनी बाजूला घेऊन साहेबांना सांगितलं, की बायकांच्या मनगटात ताकद नसते. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी स्वयंपाकघरात नेऊन भाकऱ्या थापायला बसवलं. गोऱ्या साहेबाने अर्धा तास परातीत पीठ आपटलं. एकही भाकरी गोल झाली नाही. मग सगळे जेवायला बसले. माझ्या टेबलाजवळ उभं राहण्याबद्दल मात्र पुन्हा तक्रार आली नाही.

माझे टाके चांगले नव्हते. साहेबांची परीक्षा विड्याच्या पानावर असे. पानाला चीर द्यायची आणि ती रेशमाने शिवायची. धागा जरा जास्त ओढला की पान शिरेवर फाटतं. फाटलं की ते पान, नुसतं, चुना-कात न लावता, तुम्हीच चावून खायचं. त्या वर्षी मी इतकी पानं खाल्ली की आमच्या बाबांना, ते पोस्टात होते, वाटलं पोरीला इस्पितळात व्यसन लागलं. शेवटी साहेब म्हणाले, "तुझा हात सुई ढकलतो. सुई ढकलायची नसते, जाऊ द्यायची असते. मंगलच्या बापाकडे जाऊन बस."

मंगल हा ऑपरेशनच्या खोलीतला ड्रेसर. तिशीचा, सडपातळ, फार न बोलणारा. हत्यारं उकळणं, पट्ट्या बांधणं, टेबलावर साहेबांना लागेल ते मागायच्या आधी हातात देणं, ही त्याची कामं. आठ वर्षं तो साहेबांजवळ होता. त्याच्या घरचा धंदा जोडे शिवण्याचा, शहराच्या कडेला गढा नावाच्या वस्तीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, ओटाच तो. त्या ओट्यावर मी तीन महिने, रोज संध्याकाळी तासभर, बसले. मंगलचा म्हातारा बाप मला 'बिटिया' म्हणायचा आणि चामड्याच्या पातळ तुकड्यांवर टाके घालायला द्यायचा. मंगल इस्पितळातून आला की तोही शेजारी बसून काम करी. त्याचा टाका पाहत राहावा असा होता. सुई आत जाताना दिसायची, बाहेर येताना दिसायची, पण जोर कुठेच दिसायचा नाही.

घरी आई मला दारातच थांबवायची आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही. "डॉक्टर व्हायला धाडली अन् ही जोडे शिवून राहिली," असं ती शेजारपाजारच्या बायकांना सांगे. मी ओल्या केसांनी जेवायला बसायची आणि रागारागाने दोन घास कमी खायची. गढ्यात मला कुणी कधी दारात थांबवलं नव्हतं.

मग ती दुपार आली. साहेब मझौलीला गेले होते, तिकडे कुणा मालगुजाराची मांडी मोडली होती. सिव्हिल सर्जन दौऱ्यावर. भेडाघाटच्या खाणीतला एक मजूर आणला गेला, अंतर्गळातलं आतडं पिळून अडकलेलं, सकाळपासून उलट्या. साहेब यायची वाट पाहिली असती तर माणूस गेला असता. सिस्टरने क्लोरोफॉर्म दिला, मी उजवीकडे उभी राहिले आणि मंगल डावीकडे.

सुरुवात बरी झाली. अडकलेलं आतडं मोकळं केलं, गरम पाण्याच्या फडक्यात ठेवलं, हळूहळू त्याचा रंग परत येऊ लागला. एक डाग तेवढा काळाच राहिला, पावलीएवढा. तो आत दाबून वरून शिवून घ्यायचा होता. मी टाका घातला, ओढला आणि सुजलेलं आतडं कापून धागा बाहेर आला. दुसरा घातला, तोही तसाच. आता तो काळा डाग फुटणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. 

"डॉक्टरनीजी," मंगल अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "खींचिए मत. पान है."

मी तिसरा घातला. तोही कापून निघाला. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "मंगलभैया, जागा बदला."

तोवर मी त्याला नुसतं मंगल म्हणायची. सिस्टर पेशंटच्या श्वासाकडे बघत होती. मंगल वळसा घालून आला. त्याने सात टाके घातले. सातही टाके बसले, डाग आत गेला, वर सारखी कड आली. मी डाव्या बाजूने धागे कापत होते. बाहेरच्या कातडीपर्यंत सगळं त्यानेच शिवलं. नंतर हात धुताना तो म्हणाला, "किसी से कहिएगा मत." मी मान हलवली. रजिस्टरात 'ऑपरेशन करणार' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. ड्रेसरने पोटात सुई घातली हे कळलं असतं तर दोघांचीही नोकरी गेली असती, म्हणून लिहिलं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला कळलंच असेल.

साहेब तिसऱ्या दिवशी परतले. पेशंट उठून बसला होता, पेज मागत होता. साहेबांनी पट्टी काढायला लावली आणि जखमेवर वाकून बराच वेळ बघत राहिले. बोटं खिशातल्या रिळाशी चाळा करत होती.

"टाके कोणाचे?"

मंगल खाटेच्या पायथ्याशी पट्टी गुंडाळत उभा होता.

"माझे," मी म्हटलं.

"अच्छा," साहेब म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि चिठ्ठी हातात ठेवली. सही केलेली, शाई अजून ओली. त्यांना तेव्हाच कळलं होतं की नव्हतं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. एका नजरेत माणसाची गाठ ओळखणारा माणूस होता तो. पण आपल्या शिष्यावर खूश होण्याची घाईही माणसाला होतेच.

चिठ्ठी मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. सिव्हिल सर्जनांच्या कचेरीपर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परतले. मग मंगलला गाठून विचारलं, काय करू? तो म्हणाला, "ले जाइए. हमारे नाम का तो कॉलम ही नहीं है उस रजिस्टर में." तो हे रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हत्यारं मोजता मोजता म्हणाला.

पाचव्या दिवशी मी चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. माझे तीन टाके कापले गेले इथपासून. सांगताना मी रडले, आणि मला माझा फार राग आला. साहेब ऐकत होते. त्यांच्या खुर्चीच्या हाताला एकामागून एक गाठी पडत होत्या.

"आतड्यावर सात?" त्यांनी विचारलं. "एकही कापला नाही?"

"एकही नाही."

"मला माहीत होतं त्याचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला आहे. पहिल्या वर्षापासून पाहून राहिलो मी." हे ते कौतुकाने म्हणत होते. चेहरा उजळला होता त्यांचा, नवी गाठ सापडल्यावर उजळायचा तसा.

आणि मला काय झालं कोण जाणे. ज्या माणसाने मला उभं केलं, ज्याच्यापुढे मी आत्ताच खोटं कबूल करून नाक पुसत होते, त्याला मी विचारलं, "मग साहेब, त्याला डॉक्टर व्हायचंय का, हे तुम्ही कधी विचारलं?"

बोटं थांबली. मी त्यांना ओळखत होते तितक्या काळात ती पहिल्यांदा थांबलेली पाहिली. विडीवालीला विचारणारा, ढीमराला विचारणारा, माझ्यासारख्या अनोळखी मुलीला दारातून आत घेणारा हा माणूस.  ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते.

"तो तर इथंच होता," शेवटी ते म्हणाले. "रोज इथंच होता." मग चिठ्ठी उचलून त्यांनी खणात टाकली. "ही सहा महिन्यांनी. तोपर्यंत पानं खा."

मला ती चिठ्ठी सहा नाही, आठ महिन्यांनी मिळाली आणि पुढची तीस वर्षं मी उजव्या बाजूला उभी राहिले. मंगलही पुढे डॉक्टर झाला, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. त्याला किती वर्षं लागली, मेडिकल स्कुलात त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ती त्याची गोष्ट आहे आणि सांगायची तर त्यानेच. साहेबांचं विचाराल तर मला त्या कबुलीनंतरचा रविवारच आठवतो.

साहेबांनी सकाळी टांगा आमच्या दारात उभा केला आणि मला बस म्हणाले. कुठे जायचं ते बोलले नाहीत. टांगा गढ्याकडे वळला तेव्हा मला कळलं. इतक्या वर्षांत ते मंगलच्या घरी कधी गेले नव्हते. मला तिथे धाडलं होतं, स्वतः गेले नव्हते. गल्लीत टांगा शिरेना म्हणून ते उतरून चालत निघाले. म्हातारा त्यांना पाहून गडबडून उठला, ओटा झटकू लागला. साहेब त्याला थांबवून तसेच चामड्याच्या कातरणांत बसले, स्वच्छ पांढऱ्या पाटलोणीनिशी. मंगल आतून आला आणि दारातच उभा राहिला.

साहेबांनी घसा साफ केला.  "मंगल," ते म्हणाले, "डॉक्टर बनना है क्या?"

मंगल वळून आत गेला. म्हातारा माझ्याकडे बघू लागला, मी साहेबांकडे. मला वाटलं त्याला राग आला, आता तो बाहेर येणार नाही. तो आला. हातात घडी घातलेले कागद होते. मॅट्रिकला खाजगी बसायचे फॉर्म, तीन वर्षांचे तीन. सुंदर अक्षरात भरलेले, नाव, बापाचं नाव, राहणार गढा. खाली एक जागा तिन्हींवर कोरी होती. चांगल्या वर्तणुकीचा दाखला, गॅझेटेड अधिकाऱ्याची सही.

साहेबांनी ते गुडघ्यावर पसरले. "तीन वर्षं?" ते म्हणाले. "अरे, मी समोर होतो ना तुझ्या. माझ्याकडे काहून नाही आला?"

"लाते तो रोज थे, साब," मंगल म्हणाला. "फार्म के दिनों में रोज जेब में रहता था. आप सबको सिखाते रहते थे. सोचा, कभी पूछेंगे."

साहेबांनी पेन काढलं. त्यांतले पहिले दोन फॉर्म कधीच रद्द झाले होते, त्यांच्या तारखा उलटून गेल्या होत्या, त्यांचा आता कुणाला काही उपयोग नव्हता. मी तसं म्हणालेही. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी तिन्हींवर सह्या केल्या.